एडिटर नव्या संगणकावर नेला की 'वऱ्हाड' तुटते : पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीचे निवारण

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात सी भाषेत लिहिलेला एक छोटा टेक्स्ट एडिटर गेली काही वर्षे वापरात आहे आणि त्याची देखभाल माझ्याकडे आहे. ग्रंथालयातील ६४ बिटांच्या लिनक्स संगणकावर तो तयार झाला. तेथून तो कृषी सेवा केंद्रातील ३२ बिटांच्या विंडोज ७ वर, शाळेतील रास्पबेरी पाय संचांवर आणि दिवाळीला पुण्याहून येणाऱ्या माझ्या पुतण्याच्या मॅकवर गेला. प्रत्येक स्थलांतरानंतर आठवडाभरात तीच तक्रार येते. कृषी केंद्रातून फोन येतो, "भाऊ, पऱ्हाटी पुन्हा तुटली जी," म्हणजे बियाण्यांच्या यादीतील 'पऱ्हाटी' (कापूस) या शब्दाचे तुकडे झालेले असतात, किंवा शोध घेतल्यावर तो सापडत नाही, किंवा अख्खी यादीच रिकामी दिसते. लक्षण एकच वाटते, पण कारणे दरवेळी निराळी निघाली. आपणही असाच एखादा कार्यक्रम (प्रोग्रॅम) एका प्रणालीवरून दुसऱ्या प्रणालीवर नेत असाल, तर ती कारणे कोणत्या क्रमाने तपासावीत हे येथे लिहितो.

कोडला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती न ठरवल्यामुळे पहिल्या दोन स्थलांतरांत माझ्या कित्येक रात्री वाया गेल्या. शब्द फाईलमध्ये तुटला आहे, एडिटरच्या स्मृतीत तुटला आहे, की फक्त पडद्यावर तुटलेला दिसतो आहे? पडद्यावर विसंबून याचे उत्तर मिळत नाही. फाईलमधील बाइट पाहिल्याशिवाय निदान करू नये, हे माझे आता ठाम मत झाले आहे.

एका शब्दाची फाईल

यासाठी सर्वांत सोपी तपासणी अशी. नवी फाईल उघडावी, तिच्यात 'वऱ्हाड' एवढा एकच शब्द लिहावा, एंटर न दाबता ती साठवावी आणि फाईलचा आकार पाहावा. विंडोजवर गुणधर्मांच्या खिडकीत दोन आकार दिसतात. त्यांपैकी डिस्कवर व्यापलेल्या जागेचा नव्हे, तर फाईलचा स्वतःचा आकार घ्यावा.

'वऱ्हाड' या शब्दात युनिकोडच्या, म्हणजे लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या संकेताच्या, हिशेबाने सहा चिन्हे आहेत : व, ऱ, पाय मोडण्याचे चिन्ह, ह, काना आणि ड. यूटीएफ-८ या, ही चिन्हे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून आकार १८ बाइट यायला हवा. तो १९ आला तर एडिटरने शेवटी स्वतःहून एलएफ हा ओळ संपवणारा बाइट जोडला आहे आणि २० आला तर सीआर व एलएफ ही ओळ संपवणारी जोडी जोडली आहे. १४ बाइट आले तर फाईल यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत साठवली गेली आहे : सहा चिन्हांचे बारा बाइट आणि सुरुवातीच्या खुणेचे दोन. आकार फक्त ६ आला तर समजावे की प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठवले गेले आहे आणि मूळ शब्द कायमचा गेला आहे. विंडोजवर 'ॲन्सी' हा पर्याय निवडून देवनागरी मजकूर साठवला की असे घडते, कारण देवनागरीसाठी तसे कोडपेजच, म्हणजे बाइट व अक्षरे यांचा तक्ताच, नाही. अशा फाईलची दुरुस्ती होऊ शकत नाही. जुनी प्रत शोधावी लागते.

२१ हा आकडा सर्वांत फसवा आहे, कारण तो तीन निरनिराळ्या कारणांनी येतो. हेक्समध्ये, म्हणजे प्रत्येक बाइट सोळा-आधारी दोन अंकांत, पाहिल्याशिवाय ही कारणे वेगळी करता येत नाहीत. लिनक्स व मॅकवर त्यासाठी 'एक्सएक्सडी' किंवा 'ओडी' हे आदेश आहेत आणि विंडोज ७ वर 'सर्टयूटिल' या आदेशातील 'एन्कोडहेक्स' हा पर्याय चालतो. सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट असतील तर ती यूटीएफ-८ ची आरंभखूण आहे. मध्ये ई२, ८०, ८डी असतील तर तो शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे आहे. ई०, ए४, बीसी असतील तर तो नुक्ता, म्हणजे अक्षराखालचा ठिपका आहे. शेवटच्या दोन शक्यतांकडे पुढे सविस्तर येतो, कारण मराठीचे खरे दुखणे तेथेच आहे.

बाइट बरोबर असतील आणि तरीही पडदा विचित्र दिसत असेल, तर दिसणारे चिन्ह काय आहे ते नीट पाहावे. रिकामा चौकोन दिसला तर फॉन्टमध्ये ते अक्षर नाही एवढाच अर्थ होतो. उदाहरणार्थ, 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह २००८ सालच्या युनिकोड ५.१ मध्ये आले, त्यामुळे त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ते असणे शक्यच नाही. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ए आणि त्यामागे चार किरणांचे वर्तुळ किंवा येनचे चिन्ह, अशी जोडी ओळभर पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ फाईल पश्चिम युरोपीय कोडपेज समजून वाचली जात आहे, कारण ई०, ए४ आणि ए५ या बाइटांची त्या कोडपेजमधील रूपे नेमकी तीच आहेत. आणि ठिपक्यांचे वर्तुळ दिसून त्यावर मात्रा लटकत असेल, तर मात्रा तिच्या अक्षरापासून वेगळी झाली आहे. माझ्या एडिटरमध्ये हे लांब ओळ मोडताना होत असे. मी ओळ ८० बाइटांवर मोडत होतो; सलग देवनागरी मजकुरात ८० बाइटांत २६ चिन्हे पूर्ण बसतात, सत्ताविसाव्याचे दोन बाइट वरच्या ओळीत राहतात आणि तिसरा खालच्या ओळीत जातो. पुढे मी बाइट सोडून चिन्हे मोजू लागलो, तेव्हा अक्षर फुटणे थांबले, पण मात्रा सुटी पडणे थांबले नाही. ओळ मोडायची ती शब्दाच्या सीमेवर, आणि शब्द फारच लांब असेल तर पूर्ण अक्षरसमूहाच्या सीमेवर, असे केल्यावरच ते थांबले.

शाळेत एडिटर गोठतो, ग्रंथालयात फाईल रिकामी दिसते

या दोन तक्रारी एकाच महिन्यात आल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला वाटले नव्हते. शाळेतील रास्पबेरी पायवर कोणतीही फाईल उघडली की एडिटर गोठत असे आणि स्मृती भरेपर्यंत तसाच राहत असे. ग्रंथालयात मात्र सर्व फाईली उघडत होत्या. फक्त कृषी केंद्रातून पेनड्राईव्हवर आलेली एक फाईल पूर्ण रिकामी दिसत होती, जरी तिचा आकार काही हजार बाइट होता. ग्रंथपाल काकांनी ती रिकामी समजून तशीच साठवली आणि त्यातील खतांची यादी गेली.

दोष एकाच ओळीत होता. फाईलमधून एकेक बाइट वाचणारे 'गेटसी' हे फंक्शन पूर्णांक परत देते, आणि मी ते उत्तर 'चार' (इंग्रजी 'कॅरॅक्टर' चे लघुरूप) या एका बाइटच्या प्रकारच्या चलात घेत होतो. गेटसीकडून २५७ निरनिराळी उत्तरे येऊ शकतात : २५६ बाइट आणि त्यांखेरीज 'फाईल संपली' हे एक. ती एका बाइटच्या जागेत मावत नाहीत. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवरील लिनक्समध्ये 'चार' हा चिन्हांकित, म्हणजे ऋण किंमत धरू शकणारा असतो, त्यामुळे एफएफ हा बाइट आला की त्याची किंमत उणे एक होते आणि फाईल संपली असा समज होतो. यूटीएफ-८ मध्ये एफएफ हा बाइट कधीच येत नाही, म्हणून इतकी वर्षे काही बिघडले नाही. परंतु नोटपॅडमध्ये पूर्वी 'युनिकोड' नावाचा जो पर्याय होता, तो यूटीएफ-१६ मध्ये साठवत असे आणि अशी फाईल सुरूच होते एफएफ, एफई या दोन बाइटांनी. पहिल्याच बाइटला माझा एडिटर थांबत होता. रास्पबेरी पायवरील लिनक्समध्ये 'चार' चिन्हरहित असतो. तेथे उणे एक ही किंमत कधीच जुळत नाही आणि वाचन संपतच नाही.

उपाय सोपा आहे : गेटसीचे उत्तर 'इंट' (पूर्णांक) प्रकारच्या चलात घ्यावे आणि शेवटाची तुलना झाल्यावरच ते बाइटमध्ये टाकावे. पण असे इतर दोष कोठे लपले आहेत हे शोधण्यासाठी एक युक्ती फार उपयोगी पडली. जीसीसी कंपायलरला 'एफ-अनसाइन्ड-चार' हा पर्याय दिला की नेहमीच्या डेस्कटॉपवरही 'चार' चिन्हरहित होतो आणि शाळेतील बिघाड घरी बसून पाहता येतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद असताना मी असेच काम उरकले. येथे एक गैरसमज टाळावा : हा फरक चिपचा नसून प्रणालीच्या संकेतांचा आहे. ॲपलच्या नव्या संगणकांत चिप एआरएम प्रकारचीच असते, पण तेथे 'चार' चिन्हांकित ठेवलेला आहे. म्हणून पुतण्याच्या मॅकवर एडिटर चालला याचा अर्थ तो पायवरही चालेल असा होत नाही.

याच दोषाचा एक भाऊबंद अक्षर-वर्गीकरणात सापडतो. 'इजस्पेस' सारख्या फंक्शनला ऋण किंमत देणे नियमबाह्य आहे. लिनक्सच्या ग्लिबसी या सी भाषेच्या तयार फंक्शनसंचातील तक्ते उणे १२८ पासून सुरू होत असल्याने ती चूक तेथे पोटात घातली जाते. विंडोजवर तशी हमी नाही. म्हणून मी सगळीकडे चिन्हरहित रूपांतर केले आणि निश्चिंत झालो, तर आठच दिवसांत कृषी केंद्रातील नोंदींमधून 'ठ' तुटू लागला. 'साठ', 'आठ', 'गाठ' हे शब्द ओळीच्या शेवटी असले तरच तुटत होते, मध्ये असले तर नाही. 'ठ' चे बाइट आहेत ई०, ए४, ए०. एडिटर साठवताना ओळीच्या शेवटची मोकळी जागा छाटतो, आणि विंडोजवर पश्चिम युरोपीय कोडपेज लागू असेल तर ए० हा बाइट न तुटणारी मोकळी जागा म्हणून इजस्पेसमध्ये 'होय' असे उत्तर मिळवतो. म्हणजे 'साठ' मधील शेवटचा बाइट मी स्वतःच कापत होतो. पूर्वी ऋण किंमतीमुळे हा दोष झाकला गेला होता. पहिला दोष दुरुस्त केल्यावर दुसरा उघडा पडला. आता माझ्या एडिटरमध्ये इजस्पेस कोठेही नाही. मोकळी जागा, टॅब, सीआर आणि एलएफ एवढ्या चार बाइटांनाच जागा मानणारे सहा ओळींचे फंक्शन मी स्वतः लिहिले आहे, आणि देवनागरी हाताळणाऱ्या प्रत्येकाने तसेच करावे असे मला वाटते.

प्रत्येक फेरीत वाढणारा सीआर

यादी ग्रंथालयातून कृषी केंद्रात, तेथून परत, अशी पेनड्राईव्हवर फिरत असते. काही फेऱ्यांनंतर ओळींमध्ये रिकाम्या ओळी दिसू लागल्या. लिनक्स ओळीचा शेवट एलएफ या एका बाइटने करतो, विंडोज सीआर व एलएफ या दोहोंनी, आणि मॅकच्या जुन्या, ओएस एक्सपूर्वीच्या प्रणालीत एकटा सीआर असे. विंडोजवर 'एफओपन' ने फाईल मजकूर-पद्धतीने उघडली की लिहिताना प्रत्येक एलएफच्या आधी सीआर आपोआप घातला जातो. मी वाचताना द्विमान पद्धत (बाइट जसेच्या तसे घेणारी) वापरत होतो आणि लिहिताना मजकूर-पद्धत. त्यामुळे फाईलमधील जुना सीआर स्मृतीत तसाच येई आणि लिहिताना त्यापुढे नवा जोडला जाई. दर साठवणीला एक सीआर वाढे. मजकूर-पद्धतीचा आणखी एक तोटा म्हणजे विंडोजवर १ए हा बाइट मध्ये कोठे आला तर तेथेच फाईल संपली असे मानले जाते.

वाचणे आणि लिहिणे दोन्ही द्विमान पद्धतीने करावे, फाईल उघडताना तिच्या ओळींचा शेवट कोणता आहे ते नोंदवून ठेवावे आणि साठवताना तोच पाळावा. विम या एडिटरने हेच केले आहे : तेथे फाईलचा प्रकार युनिक्स, डॉस किंवा मॅक असा प्रत्येक फाईलसोबत लक्षात ठेवला जातो. विमचा जन्म अमिगा संगणकावर झाला, १९९१ मध्ये तो लोकांपुढे आला आणि १९९२ मध्ये युनिक्सवर गेला. इतक्या प्रणालींतून गेलेल्या एडिटरची ही सवय आपण डोळे झाकून घ्यावी. विंडोज १० च्या २०१८ मधील आवृत्तीपूर्वी नोटपॅडला एकटा एलएफ समजत नसे, त्यामुळे जुन्या यंत्रांवर आपली फाईल एकाच लांब ओळीत दिसली तर तो फाईलचा दोष समजू नये.

'ऱ्या' ची तीन रूपे

आता मघाच्या २१ बाइटांकडे येतो. 'शेतकऱ्यांना', 'वऱ्हाड', 'पऱ्हाटी' या शब्दांतील आडवा र युनिकोडमध्ये दोन मान्य पद्धतींनी लिहिला जातो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह आणि पाय मोडण्याचे चिन्ह येते. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्टसह जे ही कळ दाबली की हा 'ऱ' मिळतो. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे येतो. ही युनिकोड २.० च्या काळची पद्धत जुन्या मजकुरासाठी अजून ग्राह्य आहे आणि उच्चारानुसार टाइप करण्याचे काही कीबोर्ड आजही तीच देतात. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. शाळेत एका कीबोर्डवर लिहिलेली 'पऱ्हाटी' ग्रंथालयात दुसऱ्या कीबोर्डवरून शोधली की सापडत नाही, आणि तक्रार करणाऱ्याला एडिटर बिघडला असेच वाटणार.

तिसरे रूप मॅकवरून येते. 'ऱ' चे युनिकोडमध्ये अधिकृत विघटन 'र' आणि नुक्ता असे आहे. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाईल-व्यवस्था फाईलींची नावे विघटित रूपात साठवत असे. 'शेतकऱ्यांची यादी' या नावाची फाईल त्या मॅकवरून फिरून आली की नावातील 'ऱ' च्या जागी र आणि नुक्ता असतात आणि लिनक्सवर त्याच नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी दिसतात. नंतरची एपीएफएस नाव जसे दिले तसे जपते.

नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपे एका ठरलेल्या रूपात आणणे, केले की हा गोंधळ मिटेल असे वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. एनएफसी या जोडलेल्या रूपात आणल्यावर र व नुक्ता एकत्र येऊन 'ऱ' होतो, परंतु झेडडब्ल्यूजे असलेले रूप त्याच्याशी जुळत नाही, कारण युनिकोड त्या दोघांना समतुल्य मानत नाही. तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो : शोध घेताना 'र, पाय मोडणे, झेडडब्ल्यूजे' ही मालिका 'ऱ, पाय मोडणे' अशी समजावी. मात्र हे रूपांतर केवळ तुलनेपुरते स्मृतीत करावे. वापरणाऱ्याची फाईल त्याने न सांगता बदलण्याचा अधिकार एडिटरला नाही.

येथे माझ्या हातून झालेली चूक सांगणे भाग आहे. चिकटवलेल्या मजकुरातील अदृश्य चिन्हे काढून टाकण्यासाठी मी एक फंक्शन कोठूनतरी उचलून घातले होते. ते शून्य रुंदीची सर्व चिन्हे पुसत असे आणि त्यांत झेडडब्ल्यूजेही होता. झेडडब्ल्यूजे गेला की उरलेला र पुढच्या अक्षरावर रफार होऊन बसतो. 'शेतकऱ्यांना' चे 'शेतकर्यांना' झाले ते निदान डोळ्यांना खुपते. पण गावजेवणाच्या खर्चाच्या हिशेबात 'आचाऱ्यांना' दिलेली रक्कम 'आचार्यांना' दिल्याची नोंद झाली, आणि तो शब्द शुद्ध असल्यामुळे कोणाच्याही नजरेस आला नाही. इतर भाषांसाठी कचरा असलेले चिन्ह मराठीत अर्थ धरून असते. दुसऱ्या भाषेच्या गरजेतून लिहिलेला सफाईचा कोड मराठी मजकुरावर चालवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

लाईन गेली आणि यादी शून्य बाइटांची झाली

आमच्या फिडरवर लाईन कधी जाईल याचा नेम नसतो, आणि कृषी केंद्रातील संगणकाला इन्व्हर्टर नाही. तेथे दोन हंगामांत तीनदा यादी शून्य बाइटांची झाली. कारण समजण्यास सोपे आहे : लिहिण्यासाठी फाईल उघडताक्षणी तिचा जुना मजकूर पुसला जातो आणि नवा मजकूर डिस्कवर पोहोचण्याआधी वीज गेली तर दोन्ही जातात.

योग्य पद्धत अशी की नवा मजकूर त्याच फोल्डरमधील तात्पुरत्या फाईलमध्ये लिहावा, तो खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करावी आणि मगच तिचे नाव बदलून ती जुन्या फाईलच्या जागी ठेवावी. लिनक्सवर 'एफसिंक' आणि मग 'रीनेम' एवढ्याने हे साधते, कारण तेथे रीनेम जुनी फाईल एका झटक्यात बदलते. वाचणाऱ्याला एकतर जुनी मिळते नाहीतर नवी, अर्धवट कधीच मिळत नाही. फोल्डरवरही एफसिंक करावे, नाहीतर नावातील बदल डिस्कवर उतरायचा राहू शकतो. हाच कोड विंडोजवर नेला की साठवणूकच थांबते, कारण त्या नावाची फाईल आधीच असेल तर तेथील सी भाषेतील रीनेम नकार देते. मी तेव्हा घाईने जुनी फाईल आधी पुसून मग नाव बदलू लागलो, आणि नेमक्या त्या दोन पावलांच्या मध्ये एकदा लाईन गेली. तात्पुरती फाईल शिल्लक होती म्हणून यादी वाचली. विंडोजवर 'मूव्हफाईलएक्स' हे फंक्शन, जुन्याच्या जागी ठेवण्याची आणि डिस्कवर थेट लिहिण्याची सूचना देऊन वापरावे, आणि त्याआधी 'फ्लशफाईलबफर्स' ने मजकूर खाली उतरवावा. मॅकवर साधे एफसिंक मजकूर ड्राईव्हपर्यंत पोहोचवते, पण ड्राईव्हच्या स्वतःच्या स्मृतीतून तो उतरवून घेत नाही. त्यासाठी 'एफ-फुलएफसिंक' ही वेगळी मागणी करावी लागते.

पेनड्राईव्हबाबत मी वेगळा निर्णय घेतला आहे. पेनड्राईव्हवरील एफएटी-३२ या फाईल-व्यवस्थेत जर्नल, म्हणजे अपुऱ्या बदलांची नोंदवही, नसल्यामुळे वरील क्रम पाळूनही वीज गेल्यावर काय उरेल याची हमी देता येत नाही. म्हणून एडिटर पेनड्राईव्हवरील फाईल उघडताना तिची एक प्रत संगणकात ठेवतो आणि दोन्हीकडे साठवतो. वेळ थोडा जास्त लागतो. तो लागू द्यावा.

कर्सर, कन्सोल आणि न चालणारी फाईल

टर्मिनलमध्ये देवनागरी लिहिताना कर्सर अक्षराच्या पुढे किंवा मागे दिसणे हे दुखणे पूर्ण बरे होत नाही. एडिटर स्वतःच्या तक्त्यावरून रुंदी मोजतो, टर्मिनल त्याच्या तक्त्यावरून, आणि जोडाक्षर किती घरे व्यापते यावर दोघांचे एकमत नसते. मी मोजणेच सोडले. ओळ कर्सरपर्यंत लिहून झाली की एस्केप, चौकटी कंस, ६ आणि एन ही मालिका पाठवून कर्सर कोठे आहे हे टर्मिनललाच विचारतो, आणि दर बदलाला पूर्ण ओळ नव्याने काढतो. लिनक्सवर अक्षरांऐवजी विचित्र खुणा दिसल्या तर सुरुवातीला 'सेटलोकेल' ने भाषेची मांडणी लागू केली आहे का आणि एनकर्सेस या पडद्यावर लिहिणाऱ्या फंक्शनसंचाची रुंद अक्षरांची आवृत्ती जोडली आहे का, एवढेच पाहावे. बॅकस्पेस काही टर्मिनलवरून ७एफ आणि काहींवरून ०८ असा येतो, दोन्ही स्वीकारावेत.

विंडोज ७ च्या कन्सोलवर मात्र वेळ घालवू नये. तेथे देवनागरी जोडाक्षरे नीट बसत नाहीत आणि एस्केप मालिकाही समजत नाहीत. त्या विंडोज १० पासून आल्या. कृषी केंद्रासाठी मी प्रणालीच्याच मजकूर-चौकटीवर बसवलेली एक साधी खिडकी तयार केली, आणि जोडाक्षरे जुळवण्याचे काम प्रणालीवर सोपवले.

कार्यक्रम सुरूच होत नसेल तर संदेश वाचावा. लिनक्सवर 'ग्लिबसी २.३४ सापडले नाही' असा संदेश आला तर कार्यक्रम २०२१ किंवा त्यानंतरच्या प्रणालीवर तयार करून जुन्या प्रणालीवर आणला आहे. सर्वांत जुन्या यंत्रावर तो तयार करावा, तो नव्यांवर चालतो. विंडोज ७ वर 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' ने सुरू होणारी फाईल नाही अशी तक्रार आली तर मिंगडब्ल्यू या विंडोजवरील कंपायलरची जुनी एमएसव्हीसीआरटी आवृत्ती वापरावी.

पेनड्राईव्हवरील परीक्षा

प्रत्येक नव्या यंत्रावर जाताना माझ्याजवळ एक छोटी फाईल असते. तिच्यात 'वऱ्हाड' हा शब्द तिन्ही रूपांत, 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना', ओळीच्या शेवटी 'साठ', 'ॲड' आणि मोकळी जागा नसलेली दोनशे चिन्हांची एक ओळ आहे. तिची एक प्रत एलएफने, एक सीआर-एलएफने, एक आरंभखुणेसह आणि एक यूटीएफ-१६ मध्ये आहे. प्रत्येक प्रत एडिटरमध्ये उघडायची, काहीही न बदलता साठवायची, हे दहा वेळा करायचे आणि मग मूळ फाईलशी बाइटागणिक तुलना करायची, लिनक्स व मॅकवर 'सीएमपी' ने आणि विंडोजवर 'एफसी' च्या 'बी' पर्यायाने. एका बाइटचाही फरक आला तर एडिटर तेथे ठेवून यायचे नाही. त्यानंतर यंत्राच्या मालकाची परवानगी घेऊन, कामाच्या फाईली बाजूला ठेवून, साठवणूक चालू असताना प्लग ओढायचा. कृषी केंद्रात मी हे वीस वेळा केले. एकोणीस वेळा जुनी किंवा नवी यादी पूर्ण मिळाली, आणि एकदा तात्पुरती फाईल मागे राहिली, जी आता एडिटर पुढच्या वेळी उघडताच दाखवतो आणि ठेवायची की काढायची ते विचारतो.